ईदनंतर जे उरते, तो उद्योग

संध्याकाळचे पाच वाजले, की एसटी स्टँडमागच्या गल्लीत पाय ठेवायला जागा उरत नाही. एका बाजूला कलिंगड-पपईच्या फोडींच्या थाळ्या, पलीकडे खजुराच्या पेट्या, मध्ये समोशांच्या आणि भज्यांच्या कढया, टोकाला लाल सरबताची पिंपे. रमजानमध्ये आमच्या शहरातला हा बाजार जेमतेम दोन तासांचा. मगरिबची अजान झाली, की दहा मिनिटांत गल्ली रिकामी होते. पंधरा रुपयांचा जो समोसा पावणेसहाला हातोहात जात होता, तो सात वाजता दहाला मागणाराही भेटत नाही.

गेली अठरा वर्षे मी या गल्लीतून इफ्तारीचे सामान घेऊन घरी जातो आणि तेवढीच वर्षे कॉलेजात वाणिज्य शिकवतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे कळायला मात्र गेल्या वर्षीचा एक प्रसंग घडावा लागला.

आमच्याच कॉलेजातून बी.कॉम. झालेला एक मुलगा या गल्लीत समोशाची गाडी लावतो. कॉलेजच्या उद्योजकता कक्षाने माजी विद्यार्थ्यांकडून ‘नवउद्योजक’ म्हणून अर्ज मागवले, तेव्हा त्यानेही अर्ज केला. निवड समितीत मी होतो. त्याच्या अर्जावर दोन मिनिटेही चर्चा झाली नाही. ‘यात नवीन काय आहे?’ हा प्रश्न मीच विचारला आणि अर्ज बाजूला पडला. निवड झाली ती एका मोबाइल ॲपच्या कल्पनेची. ते ॲप अजून सुरू व्हायचे आहे.

काही दिवसांनी तो मुलगा बाजारात भेटला. समोसे पिशवीत भरता भरता म्हणाला, ‘सर, उद्योजक म्हणजे जोखीम घेणारा, असं तुम्हीच वर्गात शिकवलं होतं ना? मग मी रोज दुपारी तीन वाजता काय घेतो?’ मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. म्हणून या रमजानमध्ये तीन-चार संध्याकाळी मी त्याच्या गाडीजवळ वही घेऊन उभा राहिलो. खाण्याचे पदार्थ विकणारा माणूस केव्हा नुसता विक्रेता असतो आणि केव्हा उद्योजक होतो, याचे उत्तर मला शोधायचे होते.

दोन तासांची जोखीम

अर्थशास्त्रात ‘उद्योजक’ ही कल्पना पहिल्यांदा नीट मांडली ती रिचर्ड कँतियाँ या मूळच्या आयरिश सावकाराने. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७५५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची व्याख्या साधी आहे. जो ठरलेल्या किमतीला माल घेतो आणि न ठरलेल्या किमतीला विकतो, तो उद्योजक. या व्याख्येत त्याने मोठे व्यापारी घेतले, तसे शेतकरी घेतले आणि गावातले छोटे दुकानदारही घेतले.

रमजानची गाडी या व्याख्येत अगदी चपखल बसते. समजा, एकाने तीनशे समोसे केले. मैदा, सारण, तेल, गॅस आणि मजुरी धरून एका समोशाला नऊ रुपये पडले. म्हणजे कढईखाली जाळ लावण्याआधीच २,७०० रुपये गेले. सगळे समोसे पंधरा रुपयांनी खपले तर ४,५०० रुपये येतील आणि १,८०० सुटतील. ऐंशी उरले तर हातात फक्त ६०० राहतात. एकशेवीस उरले तर दिवसभराच्या श्रमाची किंमत शून्य. अवकाळी पावसाची एक सर, शेजारी लागलेली दुसरी गाडी किंवा वीज जाणे, एवढ्यावर १,८०० आणि शून्य यांतले अंतर ठरते.

फ्रँक नाइट या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९२१ मध्ये यात एक महत्त्वाचा फरक सांगितला. जिचा अंदाज आकड्यात बांधता येतो ती जोखीम. तिचा विमा उतरवता येतो. जिचा अंदाजच बांधता येत नाही ती अनिश्चितता. तिचा विमा नसतो आणि खरा नफा मिळतो तो ती अंगावर घेण्याबद्दल.

रमजानच्या धंद्यात तर हंगामही एका जागी राहत नाही. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान दर वर्षी तेवढा अलीकडे सरकतो. २०१७ मध्ये तो मे महिन्याच्या अखेरीस सुरू झाला होता. तेव्हा सरबत आणि कलिंगडाला तोटा नव्हता, तळलेले कमी खपायचे. यंदा तो फेब्रुवारीत सुरू झाला आणि पाडवा-ईद एकाच आठवड्यात येत आहेत. २०३० मध्ये तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या शेवटी पुन्हा, असा एकाच इंग्रजी वर्षात दोनदा रमजान लागेल. गल्लीतले सरबतवाले चाचा हे गणित कॅलेंडर न पाहता सांगतात. ‘आता दहा-पंधरा वर्षं आपले दिवस थंडीचे,’ असे म्हणून त्यांनी यंदा पिंपाशेजारी दुधाच्या खिरीचे पातेले मांडले आहे.

नुसती जोखीम पुरेशी आहे का?

असे असूनही समितीत मी तो प्रश्न विचारला, त्यामागे एक मोठे नाव होते. व्यवस्थापनशास्त्राचे आचार्य पीटर ड्रकर यांनी १९८५ च्या आपल्या पुस्तकात नेमके हेच उदाहरण घेतले आहे. अमेरिकेच्या एखाद्या उपनगरात नवरा-बायको मिळून खाण्याचे आणखी एक दुकान किंवा मेक्सिकन जेवणाचे आणखी एक हॉटेल उघडतात. ते धोका पत्करतात, कष्ट करतात. तरी ड्रकर त्यांना उद्योजक म्हणायला तयार नाहीत. कारण इतरांनी आधीच केले तेच ते करतात. त्यांच्यामुळे ग्राहकाला नवे समाधान मिळत नाही, नवी मागणीही तयार होत नाही.

त्यांच्यासमोर ड्रकर मॅकडोनाल्ड्सला उभे करतात. हॅम्बर्गर नवा नव्हता. अमेरिकेतल्या कुठल्याही चांगल्या खानावळीत तो मिळत होता. पण मॅकडोनाल्ड बंधूंनी १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या आपल्या हॉटेलात पदार्थांची यादी छाटून टाकली, स्वयंपाकघरातले काम टप्प्याटप्प्यांत वाटले आणि पदार्थ कागदात गुंडाळून झटपट हातात द्यायला सुरुवात केली. पुढे रे क्रॉक यांनी तीच पद्धत १९५५ पासून देशभर नेली. गिऱ्हाइकाला काय हवे, याचा विचार करून पदार्थ, अवजारे, प्रशिक्षण आणि दर्जा हे सारे ठरवले गेले. ड्रकर यांच्या मते उद्योजकता ती ही.

हा युक्तिवाद भक्कम आहे आणि मी तो वर्गात अनेक वर्षे शिकवला आहे. भजी तळणे हा रोजगार मानायचा का, यावर २०१८ मध्ये देशभर वाद झाला, तेव्हाही मी याच युक्तिवादाच्या आधारे बोललो होतो. ज्याला दुसरे काम मिळाले नाही म्हणून जो गाडी लावतो, त्याला उद्योजकाची पदवी बहाल केली, की नोकऱ्या का नाहीत हा प्रश्न कुणी विचारत नाही. ही भीती मला आजही वाटते.

पण ड्रकर यांचा निकष वापरताना माझी एक चूक झाली होती. नवेपण मी पदार्थात शोधले. समोसा तोच, म्हणून नवीन काही नाही, असे मी धरून चाललो. ड्रकर यांच्या स्वतःच्या उदाहरणातही हॅम्बर्गर जुनाच होता, हे मी विसरलो.

हलीम, वडापाव आणि इराण्याचा चहा

जोसेफ शुम्पेटर यांनी १९११ च्या ग्रंथात नवेपणाच्या पाच जागा सांगितल्या आहेत. नवी वस्तू, उत्पादनाची नवी रीत, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा स्रोत आणि धंद्याची नवी रचना. त्यांतली एकच जागा पदार्थाची आहे. खाण्याच्या व्यवसायात खरी क्रांती बहुधा उरलेल्या चार जागांमध्ये होते. आपल्या ओळखीची तीन उदाहरणे पाहू.

पहिले हलीमचे. गहू, मांस आणि तूप तासन्‌तास घोटून केलेला हा पदार्थ अरबांच्या हरीसपासून आला आणि निजामाच्या काळात हैदराबादेत रुजला. मराठवाडा १९४८ पर्यंत त्याच राज्यात होता, त्यामुळे आपल्याकडच्या अनेक घरांना त्याची चव अनोळखी नाही. पुढे हैदराबादच्या हॉटेलांनी तो रमजानमध्ये विकायला घेतला. मग तिथल्या हलीम बनवणाऱ्यांनी एकत्र येऊन २०१० मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळवून दिले. देशात मांसाहारी पदार्थाला मिळालेले ते पहिले मानांकन. त्यासाठी एकमेकांच्या स्पर्धेत असलेल्या लोकांना आपला पदार्थ नेमका कसा करायचा, हे लिहून ठरवावे लागले. आज तो डब्यात बंद होऊन दुसऱ्या शहरांत कुरिअरने जातो. पदार्थ शतकानुशतकांचा आहे. ठरवून दिलेला दर्जा, राखलेले नाव आणि दूरचे गिऱ्हाईक या गोष्टी नव्या आहेत.

दुसरे वडापावचे. दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी १९६६ मध्ये तो विकायला सुरुवात केली, असे सांगितले जाते. बटाटेवडा जुना होता, पाव जुना होता. दोन्ही एकत्र आले आणि गिरणीच्या पाळीला किंवा लोकलला धावणाऱ्या माणसाला ताट-वाटीशिवाय, उभ्या उभ्या, एका हातात धरून खाता येईल असे जेवण मिळाले. शुम्पेटर ज्याला नवी जुळणी म्हणतात, ती हीच. तोच वडापाव २००१ मध्ये जंबोकिंगने घेतला आणि ठरावीक आकार, ठरावीक चव व स्टेशनाजवळच्या फ्रँचायझी दुकानांची साखळी उभी केली. एकाने मागणी निर्माण केली, दुसऱ्याने यंत्रणा. मधल्या काळात हजारो लोकांनी वडापाव विकून संसार केले. तेही सन्मानाचेच काम. मात्र त्यांतला प्रत्येक जण उद्योजक होता, असे म्हणता येणार नाही.

तिसरे उदाहरण इराणी हॉटेलांचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबईत आणि नंतर पुण्यात इराणहून आलेल्या लोकांनी चौकाचौकांत ही हॉटेले थाटली. पाव-मस्का आणि चहा यांत अवघड असे काही नव्हते. पण जातीपातीनुसार पाण्याचा पेलाही वेगळा ठेवणाऱ्या समाजात हमाल, कारकून, विद्यार्थी आणि शेठ एकाच संगमरवरी टेबलाशी बसू लागले. इराण्याने नवा पदार्थ विकला नाही. कुणीही यावे आणि बसावे, अशी जागा त्याने दिली आणि तिचे पैसे चहाच्या कपातून वसूल केले.

गाडीवर काय पाहिले

हे डोळ्यांपुढे ठेवून मी त्या मुलाच्या गाडीकडे पाहू लागलो. गल्लीत समोशाच्या अकरा गाड्या मोजल्या. नऊ गाड्यांवर एकच यादी, एकच भाव आणि उरलेला माल अजानेनंतर पडेल भावात देण्याची एकच घाई. शेजाऱ्याचे चालले म्हणून आपणही लावली, अशी ही गाडी असते. रमजान संपला, की ती लोखंडी सांगाडा होऊन घरामागे पडते.

या मुलाचे तसे नव्हते. त्याने पहिली गोष्ट केली ती वेळेची. दुपारी दोन वाजेपर्यंत तो मोबाइलवर मागण्या घेतो. इफ्तार ठेवणाऱ्या मशिदी, दोन कार्यालये, एक दवाखाना आणि काही घरे. कढई तापण्याआधीच निम्मा माल विकलेला असतो. कँतियाँने सांगितलेली अनिश्चितता त्याने निम्म्यावर आणली. माल उरत नाही, म्हणून तो चांगले तेल परवडवू शकतो.

दुसरी गोष्ट पुरवठ्याची. समोशाच्या पट्ट्या तो स्वतः लाटत नाही. मोहल्ल्यातल्या सात बायका त्या घरी करतात आणि शेकड्यावर पैसे घेतात. त्यांतल्या एक खाला रमजानपुरत्या पट्ट्या करून शेजारणींना विकायच्या. आता त्या बाकी सहा जणींचे काम तपासतात आणि त्याचे त्यांना वेगळे पैसे मिळतात. ईदनंतर हेच समोसे कच्चे गोठवून तालुक्याच्या चहाच्या टपऱ्यांना द्यायचे, असा त्याचा बेत आहे. गेल्या वर्षी चार टपऱ्यांनी दोन महिने घेतले, मग फ्रीजर बिघडला आणि काम थांबले.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. या बाजारात आता रोजा नसलेले लोकही मोठ्या संख्येने येतात. पूर्वी ते गाडीजवळ थांबायचे, ‘यात काय आहे?’ असे दबक्या आवाजात विचारायचे आणि पुष्कळदा न घेताच पुढे जायचे. विचारणाऱ्याला संकोच, सांगणाऱ्यालाही संकोच. या मुलाने दोन कढया केल्या, दोन झारे आणि तेलही वेगळे. बटाटा-मटारची कढई डावीकडे, खिम्याची उजवीकडे. वर मोठ्या अक्षरांत पाटी लावली. कशात काय आहे, कोणते तेल आहे, भाव काय आहे. वर्तमानपत्राच्या कागदात तो समोसा बांधत नाही. छपाईची शाई अन्नात उतरते म्हणून तसे करायला मनाई आहे, हे मी वर्तमानपत्रातच लिहितो आहे, याची मला जाणीव आहे. त्याच्याकडे साधी कागदी पिशवी असते आणि तिच्यावर किंमत छापलेली असते.

मी त्याला विचारले, यामुळे विक्री किती वाढली? तो म्हणाला, ‘डावी कढई आता उजवीच्या पुढे गेली, सर. मला वाटलं होतं, हे लोक चव बघायला येतात. ते खात्री बघायला येत होते.’

नाव आणि खात्री

या एका वाक्यात आजच्या एका मोठ्या वादाचे उत्तर आहे, असे मला वाटते. उत्तर प्रदेशात २०२४ च्या कावड यात्रेच्या वाटेवरील खाद्यविक्रेत्यांनी आपली नावे लावावीत, असा आदेश निघाला होता. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलै २०२४ रोजी त्याला अंतरिम स्थगिती दिली. कोणत्या प्रकारचे अन्न विकले जाते हे सांगायला लावता येईल, पण मालकाचे किंवा नोकरांचे नाव सांगण्याची सक्ती नको, असा त्याचा आशय होता.

व्यवसायाच्या अंगाने पाहिले तर हा फरक फार मोलाचा आहे. पदार्थात काय आहे, तेल कोणते, भांडी वेगळी आहेत का, हे विचारण्याचा गिऱ्हाइकाला पूर्ण हक्क आहे. शाकाहारी माणसाची श्रद्धा असो की रोजेदाराची, तिला जपणारी माहिती द्यायलाच हवी. मालकाचे नाव वाचून मात्र समोशाच्या सारणाबद्दल काहीच कळत नाही. जिथे माहिती नसते तिथे लोक नावावरून अंदाज बांधतात. ज्याला धंदा वाढवायचा आहे, त्याने माहिती इतकी उघडी ठेवावी, की कुणाला अंदाज बांधायची गरजच पडू नये. इराण्याने शंभर वर्षांपूर्वी खुर्ची देऊन जे केले, ते या मुलाने दोन कढया आणि एका पाटीने केले. दोघांनीही आधी दाराबाहेर राहणाऱ्या माणसाला गिऱ्हाईक केले.

दहा मिनिटांचा किराणा

याच सुमारास मोठ्या शहरांत खाद्यविक्रीचा दुसराच नमुना वाढला आहे. ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्ट यांच्यासारख्या कंपन्यांनी वस्त्यावस्त्यांत गिऱ्हाईक आत येऊ शकणार नाही अशी गोदामे उभारली आणि काही मिनिटांत किराणा घरपोच देण्याची सवय लावली. माल तोच, रीत नवी. ही उद्योजकता नाही, असे म्हणणे कोतेपणाचे होईल.

पण कँतियाँचा प्रश्न इथेही विचारायला हवा. अनिश्चितता नेमकी कोणाच्या अंगावर आहे? पावसात दुचाकीवरून जाणाऱ्या मुलाला आज किती फेऱ्या मिळतील, हे त्याला माहीत नसते. जो उद्योग आपली अनिश्चितता हुशारीने कमी करतो तो स्तुतीला पात्र आहे. जो ती आपल्यापेक्षा दुबळ्या माणसाच्या पदरात टाकतो, त्याचे कौतुक जपून करावे. हाच निकष आमच्या गल्लीलाही लागू आहे. पट्ट्या लाटणाऱ्या सात बायकांना माल खपो न खपो, शेकड्याचे पैसे त्याच दिवशी मिळतात का, हे मी मुद्दाम विचारले. मिळतात. नसते मिळाले, तर हा लेख मी वेगळा लिहिला असता.

आणि कोपऱ्यावरचा किराणावाला? महिनाअखेरीस वहीवर उधार देणारा, कोणाचा पगार कधी होतो हे जाणणारा माणूस पत मोजण्याचे काम करतो. बँकेला जे जमले नाही ते त्याला जमले आहे. मात्र ते ज्ञान त्याच्या डोक्यात आहे आणि मुलगा दुकानात बसायला तयार नाही. तो गेला, की धंदा जाईल.

इथे मला माझा निकष सापडला. खाद्यविक्रेत्याला उद्योजक म्हणायचे तर तीन गोष्टी विचाराव्यात. त्याच्यामुळे नवे गिऱ्हाईक किंवा जुन्या गिऱ्हाइकाची नवी सोय निर्माण झाली का? नफा-तोटा त्याला हिशेबातून कळतो का, की गल्ल्यात उरले ते आपले? आणि तो चार दिवस आजारी पडला तर काम चालते का?

पहिल्या प्रश्नात आमचा मुलगा पहिल्या वर्गात पास आहे. तिसऱ्यात काठावर. दुसऱ्यात नापास. घरचा आणि धंद्याचा पैसा एकाच खिशात आहे, गॅसच्या सिलिंडरचा खर्च तो समोशात धरतच नव्हता. बी.कॉम. झालेल्या मुलाची ही अवस्था असेल, तर दोष एकट्या त्याचा नाही. ताळेबंद आम्ही कारखान्याचा शिकवला, गाडीचा शिकवलाच नाही.

जागेचा प्रश्न

त्याला मी विचारले, हे सगळे असताना मोठा फ्रीजर का घेत नाहीस? तो म्हणाला, ‘ठेवू कुठे? उद्या गाडी उचलून नेली तर?’

पथविक्रेत्यांसाठी २०१४ मध्ये केंद्राचा कायदा झाला. शहरातल्या विक्रेत्यांचे सर्वेक्षण करावे, त्यांना विक्री प्रमाणपत्र द्यावे, नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य निवडून आलेले विक्रेतेच असावेत आणि सर्वेक्षण पुरे होईपर्यंत कुणाला हटवू नये, असे त्यात लिहिले आहे. जून २०२० मध्ये पीएम स्वनिधी योजना आली. गेल्या ऑगस्टमध्ये तिची मुदत वाढली आणि कर्जाचे हप्ते १५ हजार, २५ हजार आणि ५० हजार असे झाले. घरगुती खाद्यप्रक्रियेसाठी वेगळी केंद्रीय योजना आहे, तिच्यात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख रुपये अनुदान मिळू शकते. अन्न सुरक्षा कायद्याखाली छोट्या विक्रेत्याला साधी नोंदणी पुरते. कागदावर पाहिले तर वाट आखलेली आहे.

अडते ते दोन ठिकाणी. एक, व्याजाचे कर्ज घ्यायला अनेक मुस्लिम घरांत मन धजत नाही. अशा घरांत भांडवल येते ते मामा-काकांकडून किंवा भागीदारीतून. एकाचा पैसा, दुसऱ्याचे श्रम आणि नफ्यात ठरलेला वाटा, ही भागीदारीची जुनी रीत इस्लामी व्यवहारात मान्य आहे. ती तोंडी न ठेवता कागदावर आणली, तर बँकेच्या दारात न जाणाऱ्या कितीतरी हातांना भांडवल मिळेल आणि घरातली भांडणेही कमी होतील.

दुसरी अडचण जागेची. जिथे उद्या उभे राहता येईल याची शाश्वती नाही, तिथे कुणी पाण्याचा नळ, झाकण असलेले काउंटर किंवा फ्रीजर यांवर पैसा घालत नाही. आपण मात्र त्याच्या अस्वच्छतेवर बोट ठेवतो. रस्ता अडतो, ही दुकानदारांची आणि चालणाऱ्यांची तक्रारही खरी आहे. गल्लीत रुग्णवाहिका शिरू शकत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणूनच जागा आखून, क्रमांक देऊन, वेळ ठरवून द्यायला हवी. बाजाराची अनिश्चितता पेलायला हे लोक समर्थ आहेत. जागेची अनिश्चितता नगरपालिकेने काढून घ्यावी, एवढीच अपेक्षा. तेवढे झाले तर अकरा गाड्यांपैकी किती उद्योग होतील, हे आपोआप कळेल. सगळ्या होणार नाहीत आणि व्हायलाही नकोत. ज्याला महिनाभर गाडी लावून ईदचे कपडे आणि मुलांची फी काढायची आहे, त्याची ती हलालची रोजी आहे. तिला मोठ्या शब्दाची गरज नाही.

त्या मुलाने मात्र परवा मला वेगळेच विचारले. स्टँडजवळ एक गाळा भाड्याने मिळतो आहे, अनामत मोठी आहे. घ्यावा का? मी त्याला हो किंवा नाही सांगितले नाही. ईदपर्यंत रोज रात्री तरावीहनंतर अर्धा तास बसायचे आणि दिवसाचा हिशेब लिहायचा, एवढे ठरले आहे. गॅस, तेल, पट्ट्या, पिशव्या आणि त्याची स्वतःची मजुरीसुद्धा. सहा दिवसांचे पान भरले आहे. तीन दिवस त्याला वाटले होते त्यापेक्षा कमी सुटले, हे पाहून तो जरा गप्प झाला. चौथ्या दिवशी त्याने स्वतःहून खिम्याच्या समोशाचा भाव एक रुपयाने वाढवला.

समितीची बैठक ईदनंतर आहे. गेल्या वर्षीचा त्याचा अर्ज मी फायलीतून काढून पुन्हा वर ठेवला आहे आणि त्याला हिशेबाचे पान जोडणार आहे. या वेळी ‘यात नवीन काय आहे?’ असे कुणी विचारले, तर उत्तर मी देईन.

आणि ईदच्या पुढच्या आठवड्यात संध्याकाळी त्या गल्लीत एखादी गाडी उभी दिसली, तर आपणही थांबा. डावी कढई बटाट्याची, उजवी खिम्याची. भाव पाटीवर लिहिलेला आहे.